राउटरची जागा आणि घरातील अभ्यास

नांदेड व लातूर ही मराठवाड्यातील शिक्षणाची प्रमुख केंद्रे होत. येथील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला आता इंटरनेटची जोड लाभली आहे. परंतु घरात जोडणी असूनही आतल्या खोलीत ती पोहोचत नसेल, तर नवे यंत्र घेण्यापूर्वी राउटरची जागा तपासून पाहणे इष्ट ठरते.

राउटरमधून निघणाऱ्या रेडिओलहरींना जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, लोखंडी कपाटे व पत्रे अडवितात. पाणीही त्या शोषून घेते. २०१६ च्या टंचाईत लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी साठवून ठेवणाऱ्या अशा भागात राउटर आणि अभ्यासाची खोली यांच्यामध्ये पाण्याची टाकी येणार नाही, याची दक्षता घ्यावी.

राउटर घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे अधिक दूर जातात. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, पण पल्ला कमी पडतो. म्हणून दोन्हींची सोय असलेले यंत्र निवडावे. एवढ्यानेही न भागल्यास भिंतीपलीकडे तार नेऊन दुसरा राउटर जोडावा.

जागेचा बदल विनाखर्चाचा आहे. मूल ज्या खोलीत अभ्यासाला बसते, तेथूनच त्याची पडताळणी करावी.