राष्ट्राचा पुढारी : पुरुष की स्त्री?

पाठ : शास्ते, अध्याय ४ व ५

देशाच्या कारभाराची सूत्रे कोणाच्या हाती द्यावी हा विषय निघाला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून एक शंका हमखास पुढे येते, ती ही की, त्या जागी स्त्री चालेल काय? कोणी म्हणतो, शास्त्राची मनाई आहे. दुसरा म्हणतो, शास्त्राचे राहू द्या, पण बाईमाणसाच्याने ते काम निभावयाचे नाही. अलीकडे आणखी एक पक्ष निघाला आहे. त्याचे म्हणणे असे की, उमेदवार स्त्री आहे एवढे पुरे, बाकी काही पाहू नये. ही सर्व मते एकाच देवळाच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींच्या तोंडून आम्ही ऐकली आहेत. मत देणे हे आता प्रत्येक प्रौढ मनुष्याचे काम आहे, तेव्हा ह्या शंकेचा नीट विचार केलेला बरा.

आपल्या पाठातील गोष्ट बहुतेकांस ठाऊक आहे. हासोर येथे राज्य करणाऱ्या याबीन राजाने इस्राएल लोकांस २० वर्षे जाचले होते. त्याचा सेनापती सीसरा. त्याच्यापाशी लोखंडी रथ ९००. अशा काळी एफ्राईमच्या डोंगराळ प्रदेशात, रामा व बेथेल यांच्या दरम्यान, एका खजुरीच्या झाडाखाली लप्पीदोथाची बायको दबोरा ही न्याय करण्यास बसत असे, आणि लोक आपली भांडणे घेऊन तिजकडे जात. वाचकांनी हा क्रम लक्षात ठेवावा. युद्धाचा प्रसंग आला म्हणून घाईघाईने तिला पुढे केले असे झाले नाही. युद्धाच्या आधीच तिचा निवाडा लोकांस मान्य झाला होता.

पुष्कळ उपदेशक येथे एक पुस्ती जोडतात, ती अशी की, त्या काळी लायक पुरुषच उरला नव्हता म्हणून देवाने नाइलाजाने स्त्रीस नेमिले. आम्ही हे दोन्ही अध्याय पुनःपुन्हा वाचले. तसे एक अक्षरही त्यांत नाही. पुरुष नव्हता म्हणावे, तर अबीनवामाचा पुत्र बाराक होताच. तिनेच त्याला केदेशाहून बोलावून घेतले, आणि नफताली व जबुलून या वंशांतील १०,००० माणसे ताबोर डोंगरावर नेण्यास सांगितले. तो म्हणाला, तू येशील तर मी जाईन, नाही तर जाणार नाही. ती गेली. परंतु ह्या स्वारीचा मान तुला मिळणार नाही, सीसरा एका स्त्रीच्या हाती पडेल, असेही तिने त्याला स्पष्ट सांगितले. आणि तसेच घडले. ह्या बोलण्यात बाराकाला कमीपणा आहे खरा, पण तो त्याच्या कचरण्याचा आहे. दबोरेच्या अधिकाराला त्याने काहीच बाध येत नाही.

आणखी एक गोष्ट. तलवार बाराकाच्याच हाती राहिली. कोणत्या दिवशी डोंगर उतरावा हे मात्र दबोरेने ठरविले. राज्य चालविणे आणि रणात लढणे ही कामे निरनिराळी आहेत, आणि ज्याला दुसरे येत नाही त्याला पहिलेही येणार नाही असे समजणे ही मोठीच चूक होय. आपल्या मराठी मुलखाला तर ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. अहमदनगर प्रांतातील चौंडी गावच्या अहिल्याबाई होळकर ह्यांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुढे सासरे मल्हारराव गेले, पाठोपाठ पुत्रही गेला. मग १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वर येथून राज्य चालविले आणि सैन्याचा भार तुकोजी होळकरांवर सोपविला. आज त्यांचे नाव निघते ते न्यायाकरिता, घाटांकरिता व विहिरींकरिता.

पाचव्या अध्यायातील गीतात जे वंश युद्धास आले नाहीत त्यांची नावे घेऊन कानउघाडणी केली आहे. रऊबेन मेंढवाड्यात बसून राहिला, गिलाद यार्देनेपलीकडे, दान जहाजांपाशी, आशेर समुद्रकाठी. आपली पुढारी स्त्री आहे म्हणून आम्ही आलो नाही, अशी सबब त्यांपैकी कोणी सांगितल्याचे मात्र लिहिलेले नाही. ती सबब पुष्कळ शतकांनंतरच्या लोकांना सुचली!

ह्यावर कोणी तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील वचन पुढे करील. त्या वचनाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. कारण तेथे विषय मंडळीतील शिक्षणाचा आहे, राज्यकारभाराचा नव्हे. दुसरा कोणी अथल्या राणीचे नाव घेईल. तिने राजवंशातील मुलांची कत्तल केली हे खरे. पण ज्या ग्रंथात तिची हकीकत आहे त्याच ग्रंथात आहाज व मनश्शे ह्या पुरुष राजांची हकीकतही आहे, आणि ते दुष्ट निघाले म्हणून पुरुषाला राजा करू नये असे कोणी म्हणत नाही. तिच्या तावडीतून बालक योवाशाला वाचविणारी यहोशेबा हीदेखील स्त्रीच होती.

ह्या बाबतीत आपल्याच प्रॉटेस्टंट इतिहासातील एक प्रकरण मोठे बोधप्रद आहे. जॉन नॉक्स हा स्कॉटलंडचा थोर सुधारक. इंग्लंडात मेरी राणीच्या अमदानीत सुमारे ३०० प्रॉटेस्टंटांना जाळून मारण्यात आले. नॉक्स परदेशी जिनीव्हा येथे होता. १५५८ साली त्याने निनावी पुस्तक छापून असे प्रतिपादन केले की, स्त्रीचे राज्य हेच मुळी निसर्गाविरुद्ध व देवाच्या आज्ञेविरुद्ध आहे. दबोरेचे उदाहरण त्याला अडचणीचे झाले, तेव्हा तो केवळ एक अपवाद होय असे म्हणून त्याने वाट काढली. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मेरी मरण पावली आणि एलिझाबेथ गादीवर आली. ती तर प्रॉटेस्टंट पक्षाची! जिच्यावर सगळ्यांची आशा, तिच्याच अधिकाराविरुद्ध आपल्या माणसाचे पुस्तक बाजारात हिंडत होते. कॅल्विनालाही त्याबद्दल खुलासा करावा लागला, आणि नॉक्साला स्वदेशी परतताना इंग्लंडातून जाण्याची परवानगी मिळाली नाही. एलिझाबेथेने पुढे १६०३ पर्यंत राज्य केले. नॉक्साचा संताप रास्त होता, कारण माणसे खरोखरच जळत होती. पण त्याला राग आला तो राज्यकर्तीच्या क्रौर्याचा, आणि त्याने दोष लावला तो तिच्या स्त्रीपणाला.

हीच गफलत आपल्या काळातही चालू आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. सिलोनात पंतप्रधान बंडारनायके ह्यांचा १९५९ च्या सप्टेंबरात खून झाला. पुढल्या वर्षी जुलैत त्यांच्या पत्नी सिरिमाव्हो ह्या पंतप्रधान झाल्या. मतांच्या बळावर त्या पदाला पोहोचलेली जगातील ही पहिली स्त्री. स्त्रीचे अंतःकरण मृदू, तेव्हा राज्यही मृदू होईल, असे ज्यांना वाटले असेल त्यांनी पुढील हकीकत पाहावी. सिंहली भाषेचा कायदा त्यांनी नेटाने अमलात आणिला आणि मिशनांच्या शाळा सरकारकडे घेतल्या. १९६४ साली लालबहादूर शास्त्रींशी करार होऊन चहामळ्यांवरील ५,२५,००० तमिळ मजुरांनी हिंदुस्थानात जावे व ३,००,००० जणांना तेथील नागरिकत्व मिळावे असे ठरले. त्या मजुरांना विचारले कोणीच नाही. ह्या गोष्टी बऱ्या की वाईट हे ज्याने त्याने ठरवावे. पण पुरुष पंतप्रधान असता तर त्या निराळ्या झाल्या असत्या असे आम्हांस दिसत नाही. तो मार्ग पतीच्या वेळीच आखला गेला होता.

आपल्या देशात १९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेसच्या संसदीय पक्षात मतदान होऊन इंदिरा गांधींना ३५५ व मोरारजी देसाईंना १६९ मते पडली. ही बाई आपल्या मुठीत राहील अशा हिशेबाने कित्येक वडीलधाऱ्यांनी तिला पाठिंबा दिला होता. तो हिशेब साफ चुकला. १९७१ च्या युद्धात त्यांचा निश्चय जगाने पाहिला, आणि १९७५ च्या जूनपासून १९७७ च्या मार्चपर्यंतची आणीबाणीही पाहिली. त्या काळी हजारो लोक चौकशीविना तुरुंगात होते. मग मतदारांनी त्यांना खाली उतरविले व १९८० साली पुन्हा बसविले. मतदारांनी केले ते योग्यच केले, कारण त्यांनी कारभार तोलला.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. सिरिमाव्हो पतीमागून आल्या, इंदिराबाई पंडित नेहरूंच्या कन्या, पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो पित्यामागून, फिलिपाइन्सच्या कोराझोन अक्विनो पतीमागून. आशियात स्त्री वर चढली ती पुष्कळदा घराण्याच्या शिडीने. तेवढ्यावरून स्त्रियांची वाट मोकळी झाली असे समजू नये. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी १९६३ साली मुख्यमंत्री झाल्या. आपल्या महाराष्ट्रात राज्य स्थापन झाल्यानंतरच्या साठ वर्षांत एकही स्त्री त्या पदावर बसली नाही. जळगाव जिल्ह्यातील प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या, तरी घरची ही उणीव राहिलीच.

घराण्याच्या आधाराविना आलेल्या स्त्रीचे उदाहरण पाहावयाचे तर आफ्रिकेतील लायबेरियाकडे पाहावे. १९८९ पासून चौदा वर्षे तेथे यादवी माजली होती. २००३ साली राजधानी मन्रोव्हिया येथील एका लुथरन मंडळीतील लेमा ग्बोवी ह्या बाईच्या पुढाकाराने ख्रिस्ती व मुसलमान स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज उन्हापावसात बसू लागल्या. त्यांची मागणी एकच : लढाई थांबवा. त्याच वर्षी ऑगस्टात तह झाला. २००५ च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सर्लीफ ह्यांनी जॉर्ज वेया ह्या नामांकित फुटबॉलपटूचा पराभव केला. ह्या बाई पूर्वी अर्थमंत्री होत्या, तुरुंगही भोगून आल्या होत्या. हिशेब त्यांना कळत होता. त्यांनी देशाचे पुष्कळ परकी कर्ज माफ करविले, आणि २०१८ साली त्याच वेया ह्यांच्या हाती शांततेने सत्ता दिली. तथापि स्वतःच्या मुलांना सरकारी जागांवर बसविल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि आमच्या मते ती रास्त होती. स्त्रीने केलेली वशिलेबाजी ही वशिलेबाजीच होय.

तर मग स्त्रीपुरुषभेदाला काहीच महत्त्व नाही काय? उमेदवार तोलताना नाही, असे आम्ही म्हणू. परंतु तराजूपर्यंत कोणाला येऊ दिले जाते, तेथे त्याला फार महत्त्व आहे. १९९३ पासून ग्रामपंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांकरिता राखून ठेविल्या गेल्या; महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. बंगालच्या बीरभूम व राजस्थानच्या उदेपूर जिल्ह्यांतील पंचायती तपासून अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली असे दाखविले की, जेथे प्रमुख स्त्री होती तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पुढे बीरभूममध्ये गावकऱ्यांना पुढाऱ्याचे एकच भाषण, कोठे पुरुषाच्या व कोठे स्त्रीच्या आवाजात, ऐकविण्यात आले. जेथे स्त्री कधी प्रमुख झाली नव्हती तेथील पुरुषांनी स्त्रीच्या भाषणाला कमी लेखले. जेथे तसा अनुभव आला होता तेथे हा फरक जवळजवळ उरला नाही. शब्द तेच होते! आता हे गावचे झाले. दिल्लीच्या गादीला ते जसेच्या तसे लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. पण दिल्लीला निवडून पाठविणारे कान गावातच असतात. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी २०२४ साली ७४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळाली. त्या हयात होत्या, पात्रही होत्या. यादी करणारे दाराशी आले तेव्हा घरच्यांनी त्यांचे नाव न सांगता केवळ अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते, आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असा निर्णय दिला. शास्ते पुस्तकात दबोरा ही लप्पीदोथाची बायको म्हणून नोंदली आहे; पण त्याआधी तिचे स्वतःचे नाव आहे. आपल्या मंडळीतील पंचांनी यंदाची मतदारयादी तलाठ्याच्या चावडीवर किंवा शाळेत पाहून, मंडळीतील प्रत्येक प्रौढ स्त्रीचे नाव तीत आहे की नाही हे ताडून घ्यावे, आणि नसेल तर अर्ज भरून द्यावा. पुढील रविवारच्या अभ्यासाकरिता २ राजे, अध्याय २२ वाचून यावे. योशीया राजाने आपले मंत्री हुल्देकडे का पाठविले, हा प्रश्न तेथे चर्चेस घेण्यात येईल.