ओळख विचारू नका, सांगा

तापात माणूस बरळतोच, असं आमच्या घरी सगळ्यांना वाटलं. मी धाकट्या जावेला आईच्या नावानं हाक मारत होते, भरदुपारी दिवे लावा म्हणत होते. फिट आली तेव्हा कुठे मला दवाखान्यात नेलं. हे मला नंतर सांगितलेलं. माझ्याजवळ त्यातलं काहीच नाही.

आजार होता हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज, म्हणजे एन्सेफलायटिस. कानशिलांच्या आतला, आठवणी घडवणारा भाग हा विषाणू पोखरतो. असायक्लोव्हिर हे औषध साधारण 14 ते 21 दिवस शिरेतून देतात, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितका मेंदू वाचतो. म्हणून तापाबरोबर माणूस अचानक वेगळं वागू-बोलू लागला, तर रात्र काढू नका. जिथे एमआरआय होतो अशा मोठ्या रुग्णालयात तडक न्या.

माझा जीव वाचला, पण मागची कितीतरी वर्षं गेली. मुलीच्या लग्नाचा अल्बम मी परक्या घरचं कार्य पाहावं तसा पाहिला.

भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानंच विचारायचा, "ओळख पाहू, मी कोण?" मी अंदाजानं नाव घ्यायचे. ते चुकायचं, आणि पुढच्या वेळी तेच चुकीचं नाव तोंडात यायचं. ब्रिटनमधल्या ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी 1994 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं : स्मृती गेलेल्या माणसाला अंदाज करायला लावलं की चूकच पक्की होते, चुकू न देता शिकवलं तर जास्त टिकतं. तेव्हा आल्या आल्या सांगून टाका, "काकू, मी वरच्या मजल्यावरची, तुमच्याकडून ब्लाउज शिवून घ्यायची." परीक्षा घेऊ नका. आणि "तू आधी अशी नव्हतीस" हे तर चुकूनही म्हणू नका. ते खरंच असतं, म्हणून फार लागतं.

मला मी सापडले ती शिलाई मशीनवर. गिऱ्हाईक आठवत नव्हतं. पण कापड अंथरलं, खडू हातात घेतला आणि मुंढ्याचा गोल एका दमात उतरला, शिलाईची माया सोडून. क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश संगीतकाराला 1985 मध्ये हाच आजार झाला. त्याच्या आठवणी मिनिटभरही टिकत नसत, तरी पियानोवरची बोटं चुकत नव्हती. हातांची स्मृती मेंदूत वेगळीकडे असते. रुग्णाला त्याचं रोजचं काम लवकर हातात द्या, मग ते पोळ्या लाटणं का असेना.

एक धोका मात्र कुणी सांगत नाही. रिकाम्या जागा भराव्याशा वाटतात. मी एका पंढरपूरवारीचं तपशीलवार वर्णन करायचे. ती वारी मी केलेलीच नव्हती. मेंदूनं ती रचली होती, मी खोटं बोलत नव्हते. माझ्या जागा दुसरेही भरू लागले. नात्यातल्या एकांनी सांगितलं, "जमिनीचा हिस्सा सोडायला तुम्ही कबूल झाला होतात."

तेव्हापासून वहीत दोन रकाने केले. डावीकडे मला आठवतं ते, उजवीकडे सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या नावासकट. उजवीकडचं डावीकडे जात नाही, मग ते कितीही गोड असो. मुलीचं लग्नसुद्धा उजवीकडेच आहे. जमिनीचं बोलणंही तिथेच आहे, पुढे एकाच माणसाचं नाव. हक्कसोडपत्रावर मी सही केलेली नाही. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याच्यापुढे असा कुठलाही कागद ठेवू देऊ नका. आधी त्याच्या बाजूचा वकील आणि उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी बोला.