माकणीचे धरण, आपले शेततळे आणि मासे



गेल्या हिवाळ्यात तोडणीचा कार्यक्रम समजावून सांगण्यासाठी आम्ही माकणी गटात गेलो होतो. बैठक संपली, चहा झाला. तेवढ्यात एका सभासदाच्या मुलाने मोबाईलवर एक चित्र दाखवले. परमुलखात कुठेतरी तळे गोठलेले, माणसे बर्फावर खुर्ची टाकून बसलेली, बर्फाला भोक पाडून गळ सोडलेला. "साहेब, आपल्या धरणावर असं जमंल का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न मनात राहिला, म्हणून हा लेख.

गोठलेल्या पाण्याखाली मासा जगतो कसा, हे आधी पाहू. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असते. त्याहून गार झालेले पाणी हलके होऊन वर येते आणि बर्फ तर तरंगतोच. त्यामुळे तळे वरून गोठते, खाली पाणी तसेच राहते आणि मासा तिथे हिवाळा काढतो. आपल्याकडे धरण गोठत नाही. पण थंडीचा परिणाम आपल्या माशावरही होतो. पौष-माघात पाणी गार पडले की रोहू-कटला खाणे कमी करतात आणि वाढ मंदावते. थंडीत ऊस जसा जागच्या जागी थांबतो, तसेच हे. त्या दिवसांत खाद्य कमी करावे. नाहीतर ते तळाशी कुजते.

धरणात कोणते मासे आहेत?

निम्न तेरणा प्रकल्पाचे आपले माकणीचे धरण मातीचे आहे. तेरणा पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. या खोऱ्यातले जुने मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगाडा. मरळ चवीला उत्तम आणि बाजारात भाव खाणारी, पण ती दुसरे मासे खाऊन जगते.

बाजारात ढिगाने दिसतात ते कटला, रोहू आणि मृगळ. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालण्याची यांची सवय. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वितात नाहीत. म्हणून दरवर्षी बीज सोडावे लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन करून दाखवले. तेव्हापासून नदीत बीज शोधत फिरण्याची गरज उरली नाही. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

या तिघांच्या जोडीला परदेशी तीन आले. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प, गवत्या म्हणजे ग्रास कार्प आणि सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प. पहिले दोन आपल्या देशात १९५९ साली आले. आणखी एक पाहुणा १९५२ साली आला, तो चिलापी. त्याची वीण फार. छोट्या तळ्यात शिरला की गर्दी करतो आणि कुणालाच वाढू देत नाही, स्वतःही वाढत नाही. आफ्रिकन मागूर पाळण्यास तर बंदीच आहे. कुणी "लवकर वाढतो" म्हणून बीज दिले तरी घेऊ नका.

धरणात जाळे टाकता येईल का?

हा प्रश्न आम्हाला पुष्कळ सभासद विचारतात. उत्तर सरळ आहे. पाटबंधाऱ्याच्या तलावातील मासेमारी ठेक्याने दिली जाते आणि ती प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना. बीज त्यांनी सोडायचे, राखण त्यांनी करायची. मग आपण रात्री जाळे टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या फडातला ऊस तोडून आपल्या नावावर घालण्यासारखे आहे. ते सहकारी आहेत, आपणही सहकारी आहोत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धरणाच्या काठाला आपल्या पुष्कळ सभासदांचा ऊस आहे. वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस वापरले जाते. हे औषध माशाला फार थोड्या मात्रेतही मारक आहे. पंप पाण्यात धुणे, रिकामा डबा काठावर फेकणे, हे आपल्याला किरकोळ वाटते. पण काठाच्या उथळ पाण्यातच बारीक बोटुकली चरत असते. आपला पाच मिनिटांचा कंटाळा आणि भोई बांधवाचे वर्षभराचे पोट. पंप बांधावर धुवा आणि ते पाणी धरणात, विहिरीत किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका.

शेततळे मात्र आपले

आपल्याकडे ३० मीटर बाय ३० मीटरची शेततळी पुष्कळ झाली आहेत. म्हणजे सुमारे ९ गुंठे पाणी. ते आपण उसासाठी भरतो. त्याच पाण्यात मासा वाढू शकतो, वेगळे पाणी लागत नाही. फक्त उसाला पाणी देताना तळे कोरडे करू नये, पाच फूट तरी पाणी राखावे.

बीज सोडताना थर लक्षात ठेवा. कटला आणि चंदेरा वरच्या थरात चरतात, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाला, तर गवत्या पाणगवत खातो. पट्ट्यात आंतरपीक घ्यावे तसा हा हिशेब आहे. नवख्याने कटला, रोहू, मृगळ हे तीनच घ्यावेत. सायप्रिनस तळ उकरतो, म्हणून कच्च्या बांधाच्या तळ्यात जपून.

गुंठ्याला ५० ते ६० बोटुकली पुरे. ९ गुंठ्यांत ५०० धरा. जिरे स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. दोन इंचांहून मोठी बोटुकली घ्या, कारण आपले पाणी उन्हाळ्यापर्यंतच भरवशाचे. पिशवी आणल्यावर १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडा.

खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सम भाग. रोज माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. समजा ३०० मासे प्रत्येकी ३०० ग्रॅमचे झाले, तर वजन ९० किलो. दोन टक्क्यांनी रोज पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य लागेल. व्यवस्था नीट ठेवली तर दहा-बारा महिन्यांत मासा पाऊण ते एक किलोचा होतो.

आमची एक चूक

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाला आम्ही सांगितले, "पाणी हिरवे पाहिजे, शेण टाका." त्यांनी विश्वासाने दोन ट्रॉली शेणखत टाकले. पाणी गर्द हिरवे झाले, तेही खूश आणि आम्हीही खूश. भाद्रपदात तीन दिवस आभाळ दाटून राहिले. चौथ्या दिवशी पहाटे मासे तोंड वर काढून हापापत होते, आणि सूर्य वर येईतो बहुतेक उलटे झाले. त्यांना वाटले कुणी विष टाकले. भावकीत संशय सुरू झाला. आम्ही जाऊन पाहिले तेव्हा समजले, दोष कुणाचाच नव्हता, आमच्या अर्ध्या सल्ल्याचा होता. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेच प्राणवायू खाते. त्यात कुजणारे शेण आणि वर ऊन नाही.

शेण कधी टाकावे हे आम्ही सांगितले, कधी थांबावे ते सांगितले नाही. ते आता सांगतो. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेण आणि खाद्य दोन्ही बंद. कोपर बुडाले तरी तळवा स्वच्छ दिसत असेल तर थोडे शेण पोत्यात भरून कडेला टांगा. पहाटे मासे वर येऊन हापापू लागले तर लगेच मोटर लावून तळ्यातलेच पाणी उंचावरून तळ्यात फवाऱ्यासारखे पाडा. नवे पाणी असेल तर तेही सोडा.

विक्री आणि बर्फ

२०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तो उन्हाळा डोळ्यासमोर ठेवूनच मासा धरा. पाणी आटू लागले की मोठे आधी काढा, शेवटच्या चिखलाची वाट पाहू नका. पहाटे धरा आणि आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. किलोला किलो बर्फ घ्या, बारीक फोडून एक थर बर्फ, एक थर मासे असे भरा. तासाभराच्या उन्हाने वर्षाची मेहनत मातीमोल होते.

तर आपल्याकडे बर्फ माशाच्या वर नाही, टोपलीत माशाबरोबर! त्या मुलाला आमचे एवढेच उत्तर. यंदा मृगाच्या आधी तळे पाहून घ्या, हात बुडवून पाहा, आणि शंका असेल तर शेण टाकण्याआधी गट ऑफिसला विचारा. नंतर विचारून उपयोग नाही, हे आम्ही शिकलो आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी