तिसरी डिस्क कपाटात

सेक्टर ४३, चंदीगड

चि. ओंकार,

नवी एसएसडी आली, आज रात्रीच लिनक्स टाकतो म्हणालास. टाक, पण आज रात्री नको. आधी हे वाच.

डिस्क दोन आहेत तर दोन्ही सिस्टिमचे संसार वेगळे मांड. आमच्याकडे बसस्टँड दोन. दिल्लीची गाडी सेक्टर १७ वरून, मनालीची घराजवळच्या ४३ वरून. सतराला चक्का जाम झाला तरी मनालीची गाडी सुटते. तुझ्या मशीनचं तसंच असू दे.

त्यासाठी लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढूनच ठेव. स्क्रू काढायचा कंटाळा करू नकोस. तू दुसरी डिस्क निवडलीस तरी उबुंटूचा इन्स्टॉलर पुष्कळदा आपला बूटलोडर विंडोजच्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये नेऊन ठेवतो. पुढे ती डिस्क गेली की लिनक्सही उठत नाही. नंतर दोन्ही जोड आणि मशीन सुरू करताना एफ१२ दाबून हवी ती निवड (काही बोर्डांवर एफ११, एफ८).

विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरव. फास्ट स्टार्टअप बंद कर. नाहीतर विंडोज पुरती बंद होत नाही, डुलकी काढते, आणि तिच्या डिस्कवर लिनक्सला लिहिता येत नाही. घड्याळ साडेपाच तास चुकलं तर बोर्डाला शिव्या देऊ नकोस. बोर्डाच्या घड्याळात विंडोज आपली वेळ ठेवते, लिनक्स यूटीसी.

आता बॅकअप. इथल्या कोर्टातले एक वकीलसाहेब मेलेली डिस्क घेऊन आले. बॅकअप विचारला तर म्हणाले, "है ना, डी ड्राइव्ह में!" त्याच डिस्कच्या! तू रेड लावून दोन डिस्कवर एकसारखी प्रत ठेवू का विचारलंस. नको. फाइल चुकून पुसलीस की दोन्हीकडून जाते. तिसरी डिस्क घे, यूएसबीची. रविवारी जोडायची, आरसिंकने प्रत घ्यायची, काढून कपाटात. अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघ. पहिली प्रत मात्र लिनक्स टाकायच्या आधी.

आणि डिस्क विकत घेतानाच वेगवेगळ्या मापाच्या घे. माझ्याकडे ५०० जीबीच्या दोन होत्या, एकाच कंपनीच्या. इन्स्टॉलरमध्ये नुसतं एसडीए, एसडीबी. मी एसडीबी फॉरमॅट केली. सीरियल नंबर वाचायला दहा सेकंद लागले असते.

तुझ्या मुंजीचे फोटो तिच्यावर होते. कॅमेऱ्याचं कार्ड बिघडलं असं मी ताईला सांगितलं, ती अजून तेच धरून आहे. तू बोलू नकोस. दिवाळीला येतोय, मीच सांगेन.

तुझा,
मामा