काट्यापासून दप्तरापर्यंत

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल अखेर पाच-सहा अंकांवर ठरत असल्यामुळे, ते अंक काट्याच्या दर्शकापासून शेतकी खात्याच्या संगणकापर्यंत निर्वेध पोहोचवणे हे मी केवळ तांत्रिक काम मानत नाही. आकडा एकदा चुकला की काटामारीचा संशय उत्पन्न होतो, आणि तो मग कोणत्याही खुलाशाने सहजी फिटत नाही.

दर्शक आजही बहुधा आरएस-२३२ या १९६० सालच्या पद्धतीनेच बोलतो, आणि तिची तार सुमारे १५ मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. म्हणून दर्शकाशेजारी सिरीयल डिव्हाइस सर्व्हरची छोटी पेटी बसवून वजन नेटवर्कवरून दप्तरात आणण्याची तजवीज करतात. पेटीला आयपी पत्ता दिला, पिंगला उत्तर आले, की काम फत्ते झाले अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः ते उत्तर पेटी देते. तिच्यामागचा काटा बोलता आहे की मुका, याची पिंगला वार्ताही नसते.

अशाच समजुतीवर एका ठेकेदाराने हवाली केलेल्या काट्यासाठी ऐन हंगामात मला पाचारण झाले. वीज जाऊन आली की संगणकावर वजन येईनासे होई, आणि पेटी बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत रांग खोळंबे. काट्याच्या केबिनला यूपीएस होता, दप्तराला नव्हता. संगणक अकस्मात बंद पडला की जोडणी तुटल्याची वर्दी तो देऊ शकत नाही; हा दर्शक मागितल्यावाचून वजन पाठवीत नसल्याने पेटीलाही काही धाडण्याचा प्रसंग येत नाही; आणि जुनी जोडणी शाबूत आहे असे धरून, एकाच जोडणीची मुभा असलेली ती पेटी नव्या जोडणीस दाद देत नाही. पलीकडचा हयात आहे ना, याची ठराविक काळाने रुजुवात करणारी अलाइव्ह चेकची सोय पेटीत होती, पण तिच्या रकान्यात शून्य भरून ती बंद ठेवलेली होती. तेथे एक मिनिट भरले आणि खोळंबा थांबला.

दुसरा दोष याहून गंभीर होता. दर्शकावर २४५६० किलो असताना संगणकावर क्वचित २४५६ उमटे. ९६०० बॉडच्या वेगाने एक अक्षर सुमारे एका मिलिसेकंदात येते. पेटी हाती आलेली अक्षरे लागलीच पुढे पाठवी, एक वजन दोन तुकड्यांत पोहोचे, आणि प्रोग्राम पहिल्या तुकड्यालाच पूर्ण आकडा समजे. ओळीच्या शेवटचे अक्षर येईपर्यंत थांबण्याची ताकीद पेटीला देता येते व ती अवश्य द्यावी. परंतु टीसीपी अक्षरांचा क्रम राखते, तुकड्यांच्या सीमा राखण्याची हमी देत नाही, सबब आरंभचिन्ह आणि अंतचिन्ह ही दोन्ही आल्याखेरीज प्रोग्रामने आकडा स्वीकारूच नये, असा माझा आग्रह असतो.

नव्याने काम अंगावर घेणाऱ्याने प्रथम लॅपटॉप थेट दर्शकाला जोडून अंक स्वच्छ वाचता येतात का ते पाहावे. निरर्थक चिन्हे दिसली तर बॉड व पॅरिटी तपासावी; काहीच दिसले नाही तर दोन आणि तीन क्रमांकाच्या तारांची अदलाबदल हवी आहे का ते पाहावे. तेथे जुळलेली मूल्येच पेटीत भरावी, पत्ता स्थिर ठेवावा, आणि मग दप्तराच्या संगणकाची वीज मुद्दाम तोडून जोडणी आपोआप सावरते का, याची परीक्षा घ्यावी.

पेटीचा मूळ पासवर्ड बदलण्याविषयी मात्र मी हट्टाने बोलतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनच्या वीजवितरण कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले; हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील याच जातीच्या पेट्यांचे फर्मवेअर बिघडवून त्या निकामी केल्या, आणि कर्मचाऱ्यांना जागेवर जाऊन हातांनी वीज सुरू करावी लागली. काट्याची पेटी इंटरनेटवर उघडी ठेवू नये; तिच्याशी जोडणी करण्याची परवानगी दप्तराच्या त्या एका संगणकापुरतीच असावी. शिवाय सर्व मूल्यांची प्रत काढून, तीच मूल्ये भरलेली दुसरी पेटी हंगामापूर्वी केबिनच्या कपाटात तयार ठेवावी, म्हणजे रात्रपाळीच्या काटा कारकुनालाही ती बदलता येईल.