बोटीवरच्या लग्नाआधी

निफाड

चि. माई,

तुम्ही दोघांनी क्रूझवर लग्न करायचं मनावर घेतल्याचं ताईकडून कळलं. माझा विरोध नाही. पण फोटोवाला आपला नको, आचारी आपला नको, होम तर नकोच, असं बोटीवाल्यांनी सांगितल्यापासून तू चिडली आहेस म्हणे. म्हणून हे पत्र.

मुंबईहून २०१८ साली गोव्याला ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली होती, २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ धावू लागली. कुठलीही बोट घे, या बाबतीत नियम थोड्याफार फरकाने सारखेच असतात. आगीचंच बघ. १९३४ साली मॉरो कॅसल ही प्रवासी बोट अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ पेटली आणि १३७ माणसं गेली. कांद्याची चाळ पेटली तर माणूस बांधावर पळतो. भर समुद्रात पळणार कुठे? म्हणून उघड्या ज्योतीला बोटीवर थारा नसतो. होम राहू दे, औक्षणाचं निरांजन, कापूर, उदबत्ती आणि शालू सरळ करायला नेलेली इस्त्रीसुद्धा अडवतात. हा आपल्या रिवाजाचा अपमान नाही. त्यावर हुज्जत घालू नकोस.

माझं म्हणणं एवढंच, की लग्न दोन जागी वाटून घे. ज्याला आपली माणसं आणि अग्नी लागतो ते इथे दारात होऊ दे, जे बोटीला चांगलं जमतं ते बोटीवर.

हळद, देवक, कन्यादान, होम आणि सप्तपदी निफाडला कर. हळदीचा डाग बोटीवरच्या गालिच्याला लागला तर भरपाई मागतील. इथे अंगण सारवून मोकळं होता येतं. संबळ-पिपाणी दारातच वाजू दे. शिवाय कायद्याची बाजू पक्की होते. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात विधींचं महत्त्व आहे, आणि विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. कॅप्टनने हौसेने दिलेल्या कागदावर विसंबू नकोस. ९० दिवसांच्या आत रीतसर नोंदणी करून घे.

सगळ्यात मोठं कारण माणसांचं. आपल्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतात आणि लोक तसेच येतात. बोटीवर प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र आणि खोली आधी ठरलेली लागते. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं राबणारा सालदार, गुडघे धरलेली आजी, भावकीतली पन्नास घरं यांना तू वगळणार आहेस का? त्यांच्या अक्षता तुझ्या डोक्यावर पडायलाच हव्यात. डेकवर तांदूळ उधळू देत नाहीत. पाय घसरतो, वाऱ्याने समुद्रातही जातात.

मग बोटीवर काय? स्वागत समारंभ, संगीत, दोन्ही घरच्या चाळीस-पन्नास माणसांचं निवांत जेवण. सजावट, जेवण, फोटो त्यांच्याच माणसांकडून घे. आपला फोटोवाला हवाच असेल तर बाहेरच्या माणसाचं वेगळं शुल्क किती, परवानगी किती दिवस आधी, कॅमेऱ्याच्या सामानाची यादी द्यावी लागते का, हे विचार. मेकअपवाली रात्रभर सोबत राहणार असेल तर तिचंही तिकीट आणि खोली तुमच्या हिशेबात येते. फुलं, हार, मिठाई बाहेरून आणता येते का, तेही विचार. समारंभानंतरचे हार समुद्रात सोडायचं मनातही आणू नकोस. हारात अनेकदा प्लॅस्टिकचा धागा असतो आणि प्लॅस्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने पूर्ण बंदी आहे.

तारखेचं बघ. ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षं काढून होईपर्यंत आमचे दाजी, म्हणजे तुझे वडील, बाग सोडून दोन रात्रीही बाहेर राहणार नाहीत. एप्रिलची खरड छाटणी उरकली की मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांचा जीव जरा मोकळा असतो. त्यापुढे ढकलू नकोस, पावसाळा जवळ आला की अरबी समुद्र खवळू लागतो. आणि बोट मुहूर्तासाठी थांबत नाही. मुहूर्त घरी साधा आणि मध्ये दोन दिवस सोडून मग मुंबई गाठा.

आज रात्री दोघांनी बसून यादी करा: काय आपल्याच माणसाच्या हातून व्हायला हवं आणि काय दुसऱ्यावर सोपवलं तरी चालेल. ती यादी बोटीवाल्यांना ईमेलने पाठव, प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर माग. फोनवर कुणी ‘होऊन जाईल मॅडम’ म्हणालं तर ते धरू नकोस. बंदरावर सामान तपासणारा माणूस वेगळा असतो. उत्तरं हातात आली की ती दाजींना आणि व्याह्यांना एकत्र बसवून वाचून दाखव, आणि मगच इसाराचे पैसे दे.

अंतरपाटाच्या वेळी तुझ्या पाठीशी मी उभा आहेच.

तुझा,
मामा