वनस्पतींच्या पेशीतील वर्तुळाकार आर. एन. ए.

भाताच्या रोपाचा रंग, त्याची उंची, लोंबी धरण्याचा काळ हे सारे गुण त्याच्या जनुकांवर अवलंबून असतात. जनुके डी. एन. ए.च्या रूपात पेशीच्या केंद्रकात असतात. एखादे जनुक कार्यान्वित झाले म्हणजे त्याची आर. एन. ए. ही नक्कल तयार होते आणि तिच्यातील मजकुराप्रमाणे प्रथिन बनते. ही नक्कल दोन टोके असलेल्या सरळ धाग्यासारखी असते, असेच आपण शिकत आलो. परंतु याच धाग्यापासून काही वेळा दोन्ही टोके जुळलेली बंद कडीही तयार होते. तिला वर्तुळाकार आर. एन. ए. म्हणतात. ती कशी तयार होते, हे येथे पाहावयाचे आहे.

नेहमीची जोडणी

जनुकाची पहिली नक्कल जशीच्या तशी वापरली जात नाही. तिच्यात उपयोगी मजकुराचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये आलेले इतर तुकडे असतात. पहिल्यांना एक्झॉन व दुसऱ्यांना इंट्रॉन अशी नावे आहेत. जनुके अशी खंडित असतात, हा शोध १९७७ साली लागला. पेशीतील एक यंत्रणा इंट्रॉन कापून काढते आणि एक्झॉन क्रमाने जोडते.

शिक्षकांना हे वर्गात कागदाच्या पट्टीवर दाखविता येईल. पट्टीवर क, ख, ग, घ ही अक्षरे क्रमाने लिहावी व प्रत्येक दोन अक्षरांमध्ये कोरी जागा सोडावी. अक्षरे म्हणजे एक्झॉन, कोरी जागा म्हणजे इंट्रॉन. कोरे भाग कापून उरलेले तुकडे चिकटविले म्हणजे क-ख-ग-घ अशी सरळ पट्टी मिळते.

उलटी जोडणी

आता दुसऱ्या पट्टीवर ग चा शेवट घ ला न जोडता मागे वळवून ख च्या आरंभाला जोडावा. ख-ग अशी बंद कडी तयार होईल. पेशीतही असेच घडते. यंत्रणा तीच असते. फक्त पुढच्या एक्झॉनचा शेवट मागच्या एक्झॉनच्या आरंभाला जोडला जातो. काही कड्या एकाच एक्झॉनच्या असतात. काही वेळा कापून टाकलेला इंट्रॉनही फासाच्या आकारात शिल्लक राहतो व त्याची कडी होते.

ही दोन दूरची टोके जवळ कशी येतात? प्राण्यांमध्ये कडीच्या दोन्ही बाजूंच्या इंट्रॉनमध्ये पुष्कळदा परस्परपूरक मजकूर असतो. तो एकमेकांस चिकटतो आणि टोके समोरासमोर येतात. वनस्पतींमध्ये असा पूरक मजकूर बराच कमी आढळतो. त्यामुळे प्राण्यांवरून काढलेला नियम वनस्पतींना सरसकट लावता येत नाही.

इतकी वर्षे दृष्टीआड का?

बहुतेक सरळ संदेशवाहक आर. एन. ए.च्या शेवटी ॲडेनीनची लांब शेपटी असते. ती पकडूनच संशोधक आर. एन. ए. गोळा करीत. कडीला शेपटी नसल्याने ती हाती लागत नसे. पुढे आर. एन. ए.मधील अक्षरक्रम मोठ्या प्रमाणावर वाचण्याची साधने आली आणि ग नंतर ख असा उलटा सांधा दिसू लागला. शिवाय, दोराची वीण जशी टोकापासून उसवते, तसे काही एंझाइम सरळ आर. एन. ए. टोकाकडून खातात. कडीला टोकच नसल्याने ती पुष्कळ काळ टिकते. कडीची खात्री करण्यासाठी प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भातामध्ये १२,०३७ आणि मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या रोपामध्ये ६,०१२ कड्यांची नोंद झाली.

उपयोग व मर्यादा

कडी म्हणजे केवळ कापणीतील चूक नव्हे, याचा पुरावा २०१७ साली अरॅबिडॉप्सिसमध्ये मिळाला. फुलाच्या घडणीशी संबंधित अशा एका जनुकाच्या सहाव्या एक्झॉनपासून झालेली कडी परत त्याच जनुकाच्या डी. एन. ए.ला चिकटते आणि पुढील नकलांची कापणी व जोडणी बदलते. तिचे प्रमाण वाढविले असता फुलाच्या रचनेतही फरक पडला.

टोमॅटोवरील २०१६ सालच्या अभ्यासात ८५४ कड्यांपैकी १६३ कड्यांचे प्रमाण थंडीमुळे बदललेले आढळले. मात्र थंडीत कडीचे प्रमाण बदलले म्हणून तीच पिकाला थंडीपासून वाचविते, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी कडी कमी-अधिक करून रोपावर होणारा परिणाम पाहावा लागतो. एखादे वाण किंवा औषध अशा शोधाच्या नावाने पुढे आले, तर हा भेद ध्यानात ठेवून शेतातील चाचणीचा पुरावा आधी मागावा.

बटाट्याचे कंद लांबट व निमुळते करणारा व्हायरॉइड हीदेखील आर. एन. ए.ची कडीच होय. परंतु तो बाहेरून येणारा रोगकारक आहे. येथे वर्णिलेल्या कड्या वनस्पतीच्या स्वतःच्या जनुकांपासून होतात. आकार एकच असला तरी उगम व कार्य भिन्न आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे.